व्हीलचेअरसह ऑफिसचा दौरा: विमान, रेल्वे, टॅक्सी आणि हॉटेलच्या सेवेचं परीक्षण

आधी गुण सांगून टाकू, कारण वाचणाऱ्यांपैकी कुणाला तिकीट आजच काढायचं असेल. पुण्या-मुंबईहून दिल्ली, बंगळूर किंवा हैदराबादला व्हीलचेअरवरून कामासाठी जायचं, तर विमानतळाच्या इमारतीतल्या मदतीला पाचापैकी चार. विमानाच्या दारापासून सीटपर्यंतच्या दहा-पंधरा पावलांना दोन. मालकप्प्यात गेलेली आपली खुर्ची धड परत मिळण्याला अडीच. रेल्वेला साध्या थ्री-एसीत दीड, थ्री-ई म्हणजे एसी इकॉनॉमी डब्यात तीन. मेट्रोला साडेचार. ॲपवरच्या टॅक्सीला एक, तोही बरेच ड्रायव्हर आपणहून हात देतात म्हणून. हॉटेलांना सरसकट गुण देण्यात अर्थ नाही. का, ते पुढे येईल.

सहलीला निघालेल्या माणसाला दिवस बदलता येतो. नोकरदाराची तारीख, वेळ आणि पुष्कळदा फ्लाइटसुद्धा दुसऱ्या कुणी ठरवलेली असते, आणि पोहोचल्यावर त्याला थेट मीटिंगमध्ये बसायचं असतं. म्हणून इथे प्रत्येक सेवा सांध्यावर तपासली आहे: टॅक्सीतून खुर्चीवर, खुर्चीवरून आइल चेअरवर (विमानातल्या मधल्या वाटेत मावणारी अरुंद खुर्ची), फलाटावरून डब्यात. बिघडतं ते तिथेच. एकदा आत बसलं की सहसा काही होत नाही.

तिकीट काढताना

बहुतेक कंपन्यांच्या ट्रॅव्हल पॉलिसीत 'सर्वांत कमी भाडं' अशी अट असते. व्हीलचेअर वापरणाऱ्या कर्मचाऱ्यासाठी ही अट बाजूला ठेवायला हवी, आणि ट्रॅव्हल डेस्कला ते साध्या हिशेबाने पटवता येतं. चालता न येणाऱ्या माणसाची थेट फ्लाइटमध्ये चार वेळा उचल होते: स्वतःच्या खुर्चीवरून आइल चेअरवर, तिथून सीटवर, उतरताना पुन्हा उलट दोनदा. मध्ये एक थांबा आणि विमानबदल आला की आठ वेळा. प्रत्येक उचल म्हणजे खांद्याला हिसका बसण्याची आणि पाठीची कातडी घासली जाण्याची एक शक्यता. वाचलेल्या दोन-तीन हजार रुपयांसाठी हे करायला लावणं कुठल्याही मॅनेजरने मान्य करू नये.

वेळ दुपारची बघावी. मोठ्या विमानतळांवर पहाटे आणि संध्याकाळी फ्लाइटांची दाटी असते, वयस्कर प्रवाशांकडूनही व्हीलचेअरची मागणी वाढते आणि अटेंडंट कमी पडतात. दुसरं कारण शरीराचं आहे. मणक्याला इजा झालेल्या माणसाला सकाळची आन्हिकं उरकायला दीड-दोन तास लागतात. सहाच्या फ्लाइटसाठी चारला विमानतळावर पोहोचायचं, तर त्याला रात्री एकला उठावं लागतं. तसा माणूस अकराच्या मीटिंगमध्ये काय बोलणार?

मदत मागताना नुसतं 'व्हीलचेअर हवी' एवढंच सांगणं ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. विमान कंपन्यांच्या यंत्रणेत तीन वेगळे कोड असतात. डब्ल्यूसीएचआर म्हणजे लांब चालवत नाही, पण पायऱ्या चढता येतात. डब्ल्यूसीएचएस म्हणजे पायऱ्या जमत नाहीत, पण केबिनमध्ये सीटपर्यंत चालता येतं. डब्ल्यूसीएचसी म्हणजे सीटपर्यंत उचलूनच न्यावं लागतं. चुकून पहिला कोड पडला, तर गेटवर आइल चेअरही येत नाही आणि उचलायला दुसरा माणूसही. बुकिंगनंतर कॉल सेंटरला फोन करून पीएनआरवर कोणता कोड चढला आहे तो वाचून दाखवायला सांगा आणि तेच ईमेलवर मागून घ्या. स्वतःच्या खुर्चीची लांबी, रुंदी, उंची, वजन आणि मोटरची असल्यास बॅटरीचा प्रकार हे सगळं त्याच ईमेलमध्ये आकड्यांत लिहा.

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या नियमांप्रमाणे ही गरज उड्डाणाच्या ४८ तास आधी कळवायची असते. ऑफिसच्या दौऱ्याला नेमकी हीच अट बोचते, कारण मीटिंग आदल्या संध्याकाळी ठरते. उशिरा कळवलं की हाताशी असेल तेवढीच मदत मिळते, आणि तिकडच्या विमानतळावर तर निरोपही पोहोचलेला नसतो. उपाय एकच: ज्याला वारंवार फिरावं लागतं त्याची माहिती ट्रॅव्हल डेस्कने कायमची भरून ठेवावी आणि तिकीट निघताक्षणी पाठवावी.

कागदांबद्दल. ज्याला फक्त विमानतळावर आणि चढता-उतरताना मदत लागते, त्याच्याकडे डॉक्टरचं फिटनेस सर्टिफिकेट मागता येत नाही; डीजीसीएच्या नियमांत हे स्पष्ट आहे. तब्येत अस्थिर असणं, ऑक्सिजन लागणं या गोष्टी वेगळ्या. २०२२ मध्ये नियमात भर पडली: प्रवाशाची तब्येत हवेत बिघडेल असं कंपनीला वाटलं, तर तिने विमानतळावरच्या डॉक्टरकडून प्रत्यक्ष तपासून घ्यायचं आणि मगच ठरवायचं. काउंटरवरच्या कर्मचाऱ्याने बघून ठरवायचं नाही. फेब्रुवारी २०१२ मध्ये सेरेब्रल पाल्सी असलेल्या कार्यकर्त्या जीजा घोष यांना कोलकात्याहून गोव्याला निघालेल्या विमानातून उतरवलं गेलं. त्या दिव्यांगांच्या प्रश्नांवरच्या परिषदेसाठी चालल्या होत्या, म्हणजे तोही कामाचाच दौरा होता. मे २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना १० लाख रुपयांची भरपाई द्यायला लावली. चेक-इन काउंटरवर वाद झालाच तर या निकालाचं नाव घेतल्याने सूर बदलतो.

बॅटरी: दौरा इथेच अडकतो

मोटरच्या खुर्चीचं सगळं गणित वॉट-अवरवर आहे. बॅटरीवरचे व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर. २४ व्होल्ट आणि १० अँपिअर-अवर असेल तर २४० वॉट-अवर. २४ आणि १२ असेल तर २८८. २४ आणि २० असेल तर ४८०.

लिथियम-आयन बॅटरी खुर्चीतून हाताने काढता येण्यासारखी असेल, तर आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे ती काढून केबिनमध्ये न्यायची, आणि तिची मर्यादा ३०० वॉट-अवर. दोन बॅटऱ्यांची खुर्ची असेल तर प्रत्येकी १६०. म्हणजे वरच्या उदाहरणांतली पहिली दोन चालतील, तिसरी नाही. बॅटरी खुर्चीत कायमची पक्की बसवलेली असेल तर ही वॉट-अवर मर्यादा लागत नाही. ती खुर्चीसकट मालकप्प्यात जाते, फक्त करंट तोडलेला हवा आणि खुर्ची चुकून सुरू होता कामा नये. सीलबंद जेल किंवा एजीएम लेड-ॲसिड बॅटरीही खुर्चीतच राहू शकते. ॲसिडचं पाणी भरायची जुनी बॅटरी मात्र फार कटकटीची: ती उभीच ठेवावी लागते, नाहीतर वेगळ्या पेटीत बांधावी लागते. अशी खुर्ची दौऱ्यावर नेऊ नये हेच बरं.

भारतात हलक्या घडीच्या मोटर-खुर्च्या आता पुष्कळ विकल्या जातात. दौऱ्यासाठी नवी घ्यायची असेल तर किलोमीटरची रेंज बघण्याआधी बॅटरीचं लेबल बघा. एका चार्जमध्ये तीस किलोमीटर जाणारी खुर्ची घेऊन विमानतळावरून परत फिरण्यापेक्षा पंधरा किलोमीटरची, पण ३०० वॉट-अवरच्या आतली बॅटरी कामाची.

काउंटरवर घोळ कसा होतो? तिथल्या कर्मचाऱ्याच्या डोक्यात पॉवर बँकेचा नियम पक्का बसलेला असतो: १०० वॉट-अवरपर्यंत मोकळीक, १६० पर्यंत परवानगीने, त्यापुढे नाही. २४० चा आकडा बघितला की तो 'नाही' म्हणून मोकळा होतो. त्याच्याशी हुज्जत घालण्यापेक्षा ड्यूटी मॅनेजरला बोलवायला सांगा आणि धोकादायक मालाच्या नियमांतला 'मोबिलिटी एड'चा भाग काढून बघा म्हणा. सोबत हवं ते असं: बॅटरीवर न घासलेलं छापील लेबल, उत्पादकाच्या माहितीपत्रकाची प्रत, विमान कंपनीचा मंजुरीचा ईमेल. काढलेल्या बॅटरीच्या टोकांना इन्सुलेशन टेप लावून ती जाड पिशवीत ठेवा. या सगळ्यासाठी नेहमीपेक्षा अर्धा-पाऊण तास जास्त धरावा.

इमारतीच्या आत

पुण्याचं नवं टर्मिनल जुलै २०२४ मध्ये सुरू झालं आणि गर्दीत खुर्ची ढकलण्याचा जुना त्रास बराच कमी झाला. मुंबई, दिल्ली, बंगळूर, हैदराबाद इथे लिफ्ट, सपाट फरशी, स्वच्छतागृहं यांबाबत तक्रारीला फारशी जागा नाही. अटेंडंट सहसा ठेकेदाराकडचे असतात, एकाच वेळी दोन-तीन प्रवासी सांभाळतात, आणि तरीही बहुतेक जण जिवाभावाने काम करतात. चार गुण त्यांचे आहेत.

स्वतःची खुर्ची चेक-इन काउंटरवर देऊ नका. विमानाच्या दारापर्यंत त्याच खुर्चीवरून जायचं आणि उतरल्यावर दारातच परत हवी, असं टॅगवर लिहून घ्यायचं. विमानतळाची खुर्ची ढोबळ मापाची असते, तिच्यावर गादी नसते, आणि अनेकदा मागची चाकं लहान असतात, म्हणजे ती स्वतःच्या हाताने फिरवता येत नाही. अटेंडंट दुसऱ्या प्रवाशाकडे गेला की माणूस आहे तिथे अडकून पडतो. टॉयलेटला जायचं तरी कुणाची वाट बघायची.

सुरक्षा तपासणीत कृत्रिम पाय आणि कॅलिपर (पायाला आधार देणाऱ्या पट्ट्या) वापरणाऱ्यांना जास्त त्रास होतो. अभिनेत्री-नर्तकी सुधा चंद्रन यांनी ऑक्टोबर २०२१ मध्ये हेच जाहीरपणे मांडलं: कामासाठी प्रवास करताना दर वेळी कृत्रिम पाय काढायला लावतात. विमानतळाची सुरक्षा बघणाऱ्या सीआयएसएफने तेव्हा माफी मागितली. अजूनही रांगेत कोण उभं आहे यावर बरंच ठरतं. पाय काढायला सांगितलाच तर बंद खोलीत, आपल्याच लिंगाच्या कर्मचाऱ्यासमोर तपासणी मागा, आणि त्यासाठी वीस मिनिटं हाताशी ठेवा. मोठ्या पायघोळाची पँट घातली तर बरेचदा ती वर करून काम भागतं.

दारापासून सीटपर्यंत

ए-३२० सारख्या विमानातली मधली वाट जेमतेम ४८ सेंटिमीटरची असते. नेहमीची व्हीलचेअर साठ-पासष्टची. म्हणून दारात अरुंद आइल चेअरवर बदलावं लागतं, आणि या बदलालाच दोन गुण दिले आहेत.

चांगली उचल अशी असते. दोन माणसं. एक मागून, प्रवाशाच्या काखेतून हात घालून त्याचेच छातीवर घडी घातलेले हात मनगटाशी धरतो. दुसरा समोरून, मांड्यांखाली गुडघ्याच्या जरा वर. प्रवासी मोजतो, तिसऱ्या आकड्याला उचलायचं. आइल चेअरवर छाती, कंबर आणि पाय असे तिन्ही पट्टे बांधायचे. सीटशी आल्यावर सीटचा वाटेकडचा हात, म्हणजे आर्मरेस्ट, वर करायचा. तो नुसता ओढून वर होत नाही. बिजागराजवळ खालच्या बाजूला एक छोटी खटकी असते, ती दाबावी लागते. पुष्कळ कर्मचाऱ्यांना हे माहीत नसतं, मग ते माणसाला त्या हातावरून उचलून टाकायला बघतात. पार्श्वभाग धातूवर घासला की संवेदना नसलेल्या माणसाला दुखत नाही. दोन दिवसांनी जखम दिसते आणि मग सहा आठवडे पालथं पडून राहावं लागतं. हा सगळ्यांत गंभीर धोका आहे आणि तो एका खटकीवर अवलंबून आहे.

चुकीच्या उचलीची खूण सोपी: कुणी दंडाला किंवा पँटच्या पट्ट्याला धरून ओढायला लागला की लगेच थांबवा. घडी घालून पिशवीत मावणारी, हँडल असलेली ट्रान्सफर शीट हजार-दोन हजारांत मिळते. ती सोबत असली तर अनोळखी माणसांनाही कुठे धरायचं ते कळतं.

सीट निवडताना पहिली रांग मोहात पाडते, पण तिथे ट्रे हाताच्या आत असतो, त्यामुळे हात वर होत नाही. तिसरी ते सहावी रांग बघा, आणि वाटेकडचा हात उचलतो का ते विचारा. आपत्कालीन दाराची रांग मिळणार नाही. आपली गादी सीटवर घालून बसा. हवेची गादी असेल तर उंचीवर केबिनचा दाब कमी झाल्याने ती फुगते; उड्डाणानंतर थोडी हवा सोडा आणि उतरल्यावर भरा.

या अरुंद विमानांतल्या टॉयलेटमध्ये आइल चेअर शिरत नाही. म्हणून लोक आदल्या रात्रीपासून पाणी तोडतात. हे करू नका, मूत्रमार्गाचा संसर्ग नेमका असाच होतो. दोन तासांच्या प्रवासासाठी बोर्डिंगच्या तोंडावर कॅथेटर करून घेणं (नळीने लघवी काढणं) किंवा लेग बॅग, म्हणजे पायाला बांधायची लघवीची पिशवी, लावणं हाच त्यातल्या त्यात बरा मार्ग, आणि त्यासाठी गेटजवळच्या टॉयलेटला पंधरा मिनिटं हवीत. अटेंडंटला ते आधीच सांगा, नाहीतर तो थेट दारात नेऊन सोडतो.

कोल्हापूर, जळगावसारख्या ठिकाणी बहुधा एटीआर (पंख्यांचं लहान विमान) किंवा लहान जेट येतं. एटीआर ७२ चं प्रवासी दार शेपटीकडे असतं, पायऱ्या त्या दारातच, एरोब्रिज लागतच नाही. अशा ठिकाणी ॲम्ब्युलिफ्ट, म्हणजे वर उचलली जाणारी केबिन असलेली गाडी, आहे का आणि त्या दिवशी चालू आहे का, हे दोन वेगळे प्रश्न म्हणून विचारा. नसेल तर चार माणसं खुर्चीसकट पायऱ्यांवरून नेतात. पावसाळ्यात ओल्या पायऱ्यांवर तशी जोखीम घेऊ नये. मोठ्या विमानतळापर्यंत गाडीने जाणं वेळखाऊ असलं तरी बरं.

खुर्ची परत मिळताना

मोटरची जड खुर्ची मालकप्प्यात आडवी घातली जाते, कारण काही विमानांच्या मालकप्प्याचं दारच बुटकं असतं. बोईंग ७३७ चं ९० सेंटिमीटरपेक्षा कमी उंच असतं. पाठ घडी होते का, हे विकत घेतानाच बघायला हवं. जॉयस्टिक काढता येत असेल तर काढून हातात ठेवा, नसेल तर फोम आणि टेपने गुंडाळा. गादी, पायठेवणी आणि सैल होणारं सगळं केबिनमध्ये. मोटर न्यूट्रलला टाकायचा खटका कुठे आहे ते बाण काढून हिंदी-इंग्रजीत लिहून चिकटवा. तो खटका न सापडल्याने माणसं खुर्ची ब्रेकवरच फरफटत नेतात आणि गिअर जातो. मोडतोडीचं हे सगळ्यांत नेहमीचं कारण आहे. दारात देण्यापूर्वी चारी बाजूंनी फोटो काढा.

मोडलेली आली तर विमानतळ सोडण्याआधी सामानाच्या काउंटरवर तक्रार, म्हणजे पीआयआर, लिहून प्रत घ्या. आता वाईट बातमी: देशांतर्गत प्रवासात सामानाच्या नुकसानीची भरपाई प्रवाशामागे २०,००० रुपयांपर्यंतच बांधलेली आहे. लाख-दीड लाखाच्या खुर्चीला ही रक्कम म्हणजे थट्टा आहे. चेक-इनच्या वेळी जास्त किंमत जाहीर करून, जादा शुल्क भरून ती मर्यादा वाढवता येते. ते शुल्कही नोकरी देणाऱ्या मालकानेच भरलं पाहिजे, कारण खुर्ची त्याच्या कामासाठी विमानात चढली आहे.

न दिसणाऱ्या, न ऐकू येणाऱ्या सहकाऱ्यांसाठी

अंध प्रवाशाला खुर्चीत बसवून ढकलत नेण्याची सवय जवळजवळ सगळीकडे आहे. अटेंडंटला ते सोपं पडतं, पण चालता येणाऱ्या माणसाला ते अपमानाचं आहे. बुकिंगमध्ये बीएलएनडी कोड टाकून 'सोबत हवी, खुर्ची नको' असं लिहा. अटेंडंटने हात धरून ओढायचं नसतं. प्रवासी त्याचं कोपर धरतो आणि अर्धं पाऊल मागून चालतो. केबिन क्रूने सुरक्षा सूचना जवळ येऊन वेगळ्या सांगायला हव्यात, आणि इथे सेवा खरंच बरी आहे. कर्णबधिर प्रवाशाची अडचण गेट बदलण्याची. अनेक विमानतळांनी घोषणा कमी केल्या आहेत, त्यामुळे त्याला फलक आणि एसएमएसवर राहावं लागतं. तिकिटावर ट्रॅव्हल डेस्कचा नंबर टाकला जातो आणि गेट बदलल्याचा मेसेज ऑफिसात जाऊन पडतो. प्रवाशाचाच नंबर टाका. इतकं साधं आहे.

रेल्वे

भाड्यात सवलत भरपूर. सोबत्याशिवाय प्रवास न करू शकणारे अस्थिव्यंग प्रवासी आणि पूर्ण अंध प्रवासी यांना स्लीपर आणि थ्री-एसीत ७५ टक्के, टू-एसी आणि फर्स्ट एसीत ५० टक्के, राजधानी-शताब्दीच्या थ्री-एसी आणि चेअर कारमध्ये २५ टक्के, आणि सोबत्यालाही तेवढीच. पण शब्द बघा: 'सोबत्याशिवाय प्रवास करू शकत नाही'. एकट्याने नोकरी करणाऱ्या, एकट्याने फिरणाऱ्या माणसाला सवलतीसाठी स्वतःबद्दल हे लिहून घ्यावं लागतं. ही अट बदलायला हवी. स्लीपरमध्ये दिव्यांग कोट्याचे चार बर्थ असतात, दोन लोअर आणि दोन मिडल. लोअर प्रवाशाला, मिडल सोबत्याला.

खरी अडचण उंचीची. उंच फलाट रुळापासून ७६ ते ८४ सेंटिमीटर, नव्या धाटणीच्या एलएचबी डब्याची फरशी १३० च्या आसपास. म्हणजे ४६ सेंटिमीटर किंवा अधिक चढायचं. १:१२ च्या उताराने रॅम्प करायचा तर तो साडेपाच मीटर लांब हवा, आणि फलाटावर तेवढी जागा कुणी देत नाही. जे फिरते रॅम्प मिळतात ते आखूड, त्यामुळे खडे. मागून दोन माणसं लागतातच. दोन मिनिटं थांबणाऱ्या स्टेशनवर हे होत नाही. शक्य तिथे गाडी जिथून सुटते तिथेच चढा, आणि उतरायचं स्टेशनही शेवटचं किंवा मोठ्या थांब्याचं निवडा.

साध्या थ्री-एसी किंवा टू-एसीत दारातून आत गेलं की लगेच काटकोनात वळावं लागतं, तिथे खुर्ची बसत नाही, टॉयलेटही नेहमीचं. रेल्वेचा खास दिव्यांग डबा रुंद दाराचा आणि मोठ्या टॉयलेटचा असतो, पण तो गार्डच्या डब्याला जोडून गाडीच्या टोकाला, एसी नसलेला, आणि रात्री इतर प्रवाशांनी भरलेला. बावीस डब्यांची गाडी पाचशे मीटरांहून लांब असते. लिफ्ट मध्यावर असली तर टोकापर्यंत अडीचशे मीटर फलाटावरून जायचं.

म्हणून थ्री-ई. २०२१ मध्ये आलेल्या या एसी इकॉनॉमी डब्यांत एका टोकाला रुंद दार आणि व्हीलचेअर शिरेल असं टॉयलेट दिलेलं आहे. भाडं थ्री-एसीपेक्षा कमी, त्यामुळे ट्रॅव्हल पॉलिसीतही बसतं. फार थोड्या लोकांना हे माहीत आहे. बर्थ घेताना त्या टोकाजवळचा मिळतो का ते बघा. दिवसाच्या प्रवासाला वंदे भारत चांगली: टोकाच्या डब्यांत व्हीलचेअरची जागा आणि सोयीचं टॉयलेट असतं, आणि मुंबई-सोलापूर गाडी पुण्यावरून जाते. तिकीट त्याच डब्याचं हवं, मधल्या डब्याचं घेऊन उपयोग नाही.

शेवटचे दहा किलोमीटर

ॲपवरच्या बहुतेक सेडान सीएनजीच्या. डिकीत सिलिंडर. घडी घातलेली खुर्ची तरीही तीस सेंटिमीटर जाड आणि मीटरभर लांब असते. ती मावत नाही, ड्रायव्हर ट्रिप रद्द करतो, आणि पुढचाही तेच करतो. सात सीटच्या गाड्यांतही सीएनजी असेल तर मागे हीच कथा. दौऱ्यासाठी पेट्रोल किंवा डिझेलची मोठी गाडी पूर्ण दिवसासाठी आधीच ठरवावी आणि 'कॅरिअर आहे का' हेही विचारावं. झटक्यात निघणारी चाकं असलेली खुर्ची मागच्या सीटवरही बसते. शिवनेरीसारख्या उंच बसचं दार आणि पायऱ्या बघता मुंबई-पुणे फेरीला ती मोजूच नये.

मेट्रोने मात्र मन जिंकलं. फलाट आणि डब्याची फरशी जवळपास एका पातळीत, प्रत्येक स्टेशनला लिफ्ट, डब्यात खुर्चीची जागा. दिल्लीची एअरपोर्ट एक्सप्रेस थेट टर्मिनल तीनला जाते. मुंबईत ऑक्टोबर २०२५ मध्ये ॲक्वा लाइन कफ परेडपर्यंत पूर्ण झाल्यापासून विमानतळाच्या दोन्ही टर्मिनलपासून बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल) आणि दक्षिण मुंबईतल्या ऑफिसांपर्यंत एका गाडीत जाता येतं. ज्याची मीटिंग बीकेसीत आहे त्याने टॅक्सीचा विचारच करू नये. एवढंच बघा की स्टेशनची लिफ्ट ऑफिसच्या बाजूच्या फुटपाथला निघते की रस्त्याच्या पलीकडे.

हॉटेल

गुण देता येत नाहीत, कारण एकाच हॉटेलात ज्या एक-दोन खोल्या सोयीच्या असतात त्या दुसऱ्याला दिल्या गेल्या की बाकी सगळं हॉटेल निरुपयोगी ठरतं. बुकिंग साइटवरच्या 'व्हीलचेअर फ्रेंडली' या शब्दावर विसंबू नका. त्याचा अर्थ कधी कधी दारात रॅम्प आहे एवढाच असतो. बाथरूमच्या दारावर टेप धरून काढलेला फोटो मागवा. देशाच्या २०२१ च्या सुगम्यता मानकांत दाराची मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर, वळायला १५०० मिलिमीटरचा गोल आणि कमोडची उंची ४५० ते ४८० मिलिमीटर दिली आहे. हे आकडे ईमेलमध्ये लिहून विचारा. उत्तर 'हो सर, ऑल फॅसिलिटीज' असं आलं तर दुसरं हॉटेल बघा. उंबरठा, पलंगाची उंची, शॉवरखाली बसायला भक्कम स्टूल (प्लॅस्टिकचं नको, ओल्या फरशीवर सरकतं), आणि खोलीचा नंबर बुकिंगवर पक्का करून घेणं. बस.

मालकाकडे काय मागायचं

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम २१ प्रमाणे प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करायचं असतं, आणि २० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी कंपनीच्या धोरणात सुविधा, सहाय्यक उपकरणं, विशेष रजा आणि संपर्क अधिकाऱ्याचं नाव यावं लागतं. हे धोरण एचआरकडून मागून घ्या. बहुतेकांमध्ये दौऱ्याचा शब्दही नसतो. त्यात चार गोष्टी घालून घ्याव्यात: भाड्याच्या मर्यादेतून सूट, सोबत्याचं तिकीट आणि त्याचं राहणं-जेवण कंपनीच्या खर्चात, आदल्या दिवशी पोहोचण्याची मुभा, आणि खुर्चीचा विमा. अटेंडंटला किंवा सहायकाला दिलेले पैसे पावतीशिवाय मंजूर व्हावेत. फलाटावर कुणी पावती देत नाही.

आणि हे सगळं मागितलं म्हणून दौऱ्यावर दुसऱ्याला पाठवलं जातं, त्याकडेही बघा. 'तुला त्रास नको म्हणून' या शब्दांत क्लायंट, बढती आणि अनुभव तीनही निसटतात. जायचं की नाही हे कर्मचाऱ्याला विचारून ठरवा, आणि त्याचं उत्तर दौऱ्याच्या फाइलमध्ये नोंदवा.